पितळेवर निळीचा उतारा

1867 च्या पॅरिस प्रदर्शनात लंडनचा रसायनविक्रेता थिएले आणि पॅरिसचा केशकर्तनकार लिऑन ह्यूगो यांनी केस सोनेरी करणारं पाणी मांडलं. आत होतं हायड्रोजन पेरॉक्साइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनारने ते 1818 मध्येच शोधलं होतं, पण बायकांच्या डोक्यापर्यंत पोचायला त्याला जवळपास अर्धं शतक लागलं. तोवर मोठा आधार उन्हाचा. व्हेनिसच्या स्त्रिया टोपीचा माथा कापून नुसती रुंद कड ठेवत, तिच्यावर केस पसरत आणि गच्चीत बसून राहत. चेहरा सावलीत, केस उन्हात! चित्रकार वेचेल्लिओच्या 1590 च्या वेशभूषेवरील ग्रंथात अशी एक बाई बसलेली दिसते.

पेरॉक्साइडने काम झटपट केलं, पण अर्धवट. केसातला काळा-तपकिरी रंग आधी जातो. तांबूस-पिवळा चिवटपणे मागे राहतो. त्यामुळे काळे केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होतात. मध्येच थांबलं की हाती येते पितळी छटा. थांबलं नाही, तर केसच तुटतात.

हॉलिवूडने दुसरी, न थांबण्याची वाट धरली. 1931 च्या ‘प्लॅटिनम ब्लाँड’ चित्रपटानंतर त्यातली नटी जीन हार्लो हिच्या पांढुरक्या केसांचं वेड पसरलं. निर्माता हॉवर्ड ह्यूजच्या प्रसिद्धीखात्याने त्या छटेची नक्कल करणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले. केस नैसर्गिकच आहेत, असं हार्लो सांगे. तिच्या केशकर्तनकाराने मात्र पुढे पेरॉक्साइड, अमोनिया, क्लोरॉक्स ब्लीच आणि लक्स साबणाचा चुरा अशी यादी दिली. घरी करून पाहण्यासारखी ती नव्हेच.

पितळी छटेवरचा खरा उतारा धोबीघाटावर आधीपासून होता. पिवळट कापडाला नीळ दिली की ते पांढरं दिसतं, हे धोतरं धुणाऱ्या मराठी घरांना सांगायला नको. पिवळ्यावर जांभळा, नारिंगीवर निळा: समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. पिवळेपणा निघून जात नाही, झाकला जातो. कपड्यांच्या निळीतलं अल्ट्रामरीन पाण्यात विरघळत नाही. म्हणून केसांसाठी विरघळणारे रंग घेतले गेले आणि विसाव्या शतकात पिकल्या केसांच्या आजीबाई ‘ब्लू रिन्स’ करू लागल्या. मात्रा चुकली की डोकं थेट निळसर! ब्रिटनमध्ये तर कर्मठ, वयस्क बायकांसाठी हा शब्द टोमणाच झाला.

आजच्या जांभळ्या शाम्पूत बहुधा अॅसिड व्हायोलेट 43 असतं. तेही धुण्यागणिक उतरतं, म्हणून पुन्हा लावावं लागतं.