लट्टलूरचं ताट



आपल्या समाजात एक समज अगदी घट्ट बसलेला आहे. आपण कंदमुळं खात नाही, मद्य-मांस-मध तर दूरच, सूर्य मावळायच्या आत आपली जेवणं उरकतात. मग आपल्याला लठ्ठपणा येईलच कसा? पण मंदिराच्या पायऱ्या चढताना कठड्याला धरणाऱ्या चाळिशीतल्या बायका मोजून बघा. लातूर घ्या नाहीतर नांदेड घ्या, प्रत्येक घरात साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्यांचा डबा सापडतो. हे झालं कसं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. मी जरा जास्तच मागे जाणार आहे.

राष्ट्रकूट राजे शिलालेखांत स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातलं कंधारही त्यांचंच. याच घराण्यातला सम्राट अमोघवर्ष नवव्या शतकात होऊन गेला. त्याची राजधानी मान्यखेटला आणि आचार्य जिनसेन त्याचे गुरू. त्याच काळात उग्रादित्याचार्य नावाचे जैन मुनी-वैद्य झाले. त्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकाचा ग्रंथ रचला. त्यातल्या औषधांत मांस, मद्य आणि मध यांना जागा नाही. मांसाहाराची गरज नाही, हे त्यांनी राजा नृपतुंगाच्या, म्हणजे अमोघवर्षाच्या, सभेत वैद्यांसमोर मांडलं, असं त्या ग्रंथातच आलं आहे. १९४० साली तो सोलापुरात छापला गेला. आपल्या भागाचं नाव लावणाऱ्या राजाच्या दरबारात माणसानं काय खावं यावर वाद झडत होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण एक गोष्ट खटकतेच. ‘काय खावं’ हे आपण पिढ्यान्‌पिढ्या जपलं, ‘किती खावं’ मात्र मुनीमहाराजांवर सोपवून मोकळ्या झालो. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपं सांगितली आहेत. पहिलं अनशन म्हणजे उपवास, आणि लगेच दुसरं अवमौदर्य, म्हणजेच ऊनोदर, भुकेपेक्षा कमी जेवणं. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा धरला आहे. त्यातून एक घास कमी केला तरी ते तप होतं. आपण पहिल्या तपाच्या मिरवणुका काढतो. दुसऱ्याचं कौतुक कुणी केलेलं मी तरी ऐकलं नाही. उलट पंगतीत एखादी सून ‘पुरे’ म्हणाली की चारजणी म्हणतात, ‘अगं, एवढ्यानं काय होतंय?’ आणि वाटीत आणखी एक पळी तूप पडतं. आग्रह ही आपली संस्कृती आहे आणि ऊनोदर हा आपला धर्म. दोघांची गाठ पडली की बहुतेक वेळा आग्रहच जिंकतो.

मग आपल्या आज्या-पणज्या का नाही सुटल्या? त्याही तूप खायच्या. याचं उत्तर जात्यापाशी आहे. पिठाची मर्यादा तुम्हाला ठाऊकच आहे: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. म्हणजे शोधाच्या घरात महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवायची सोयच नव्हती. चौमासात तर दर तिसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसायचं. मराठवाड्यातल्या आणि इतर भागांतल्या बायांनी जात्यावर म्हटलेल्या लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गोळा केल्या. त्यात माहेर आहे, देव आहेत आणि दळण्याचे कष्टही आहेत. मला त्या कष्टांचं गोडवं गायचं नाही. पहाटे उठून खांदे भरून येईपर्यंत दळणं ही काही व्यायामाची हौस नव्हती. पण पुढे पिठाची गिरणी आली, मग घरघंटी आली. मर्यादा आजही पाळली जाते, फक्त बटण दाबून. नियम शिल्लक राहिला, त्याच्यासोबत होणारी मेहनत गेली. पाणी शेंदणं, कांडणं, उखळ, पाटा, सगळ्याचं असंच झालं. जेवणाचं माप मात्र जात्याच्या काळातलंच राहिलं.

ताटही बदललं. आपल्या भागात रोज ज्वारीची भाकरी आणि सणावाराला पोळी. येळवशीला शेतात आंबिल आणि उंडे. घरात करडईचं किंवा शेंगदाण्याचं घाण्याचं तेल. १९७२च्या दुष्काळात हे चित्र पार विस्कटलं. रोजगार हमीच्या कामांवर सुकडी आली, रेशनवर लाल मिलो आला. मिलो खाल्लेल्या पिढीनं त्यानंतर ज्वारीकडे गरिबीची खूण म्हणून पाहिलं, तर त्यांचा दोष नाही. हातात पैसा आल्यावर गव्हाची पोळी रोजची झाली. पुढे खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली. आज लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी ओळखली जाते आणि घरात पाऊचमधलं रिफाइंड तेल येतं.

मधल्या काळात वनस्पती तूप येऊन गेलं. डालडा १९३७ पासून बाजारात होता आणि पिवळ्या डब्यावरचं ताडाचं झाड घरोघरी माहीत होतं. १९८३ साली काही कारखान्यांच्या वनस्पती तुपात जनावराची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं, आणि आमच्या घरातून वनस्पती तूप कायमचं गेलं. प्रश्न तेव्हाही शुद्धतेचाच होता. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटनं हृदयाचं नुकसान होतं, हे कळायला बराच काळ गेला. सरकारनं त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली ती २०२२ पासून.

आता शरीराकडे येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी, पण चरबी त्या मानानं जास्त. आईच्या पोटात कमी मिळालेलं शरीर मिळेल ते साठवायला शिकतं, असं ही मंडळी सांगतात. मला तर हे वाचताना ७२चा दुष्काळ आठवतो. दुष्काळातलं शरीर आणि सुकाळातलं ताट, अशी ही गाठ आहे. म्हणूनच आपल्याकडे २३ बीएमआयलाच सावध व्हायला सांगतात आणि बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी म्हणतात. ‘मी कुठे जाड आहे, थोडं पोट आहे इतकंच’ असं म्हणणाऱ्यांनी टेप लावून बघावा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २३.४ टक्के जास्त वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या, आणि त्याच सर्वेक्षणात ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया. म्हणजे अंगावर चरबी आणि रक्त मात्र कमी, असंही एकाच बाईचं असू शकतं. भरलेलं अंग म्हणजे खात्यापित्या घरचं लक्षण, हा हिशेब इथे चुकतो. शिवाय २०११च्या जनगणनेनुसार आपल्या समाजातले जवळपास ८० टक्के लोक शहरात राहतात. दुकानाची गादी, स्कूटी, लिफ्ट. नांदेडमध्ये २००८च्या गुरू-ता-गद्दीच्या निमित्तानं रस्ते रुंद झाले आणि कोपऱ्यावरच्या भाजीलाही गाडी निघू लागली. लातूरला ‘पॅटर्न’च्या नादात पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीवर, डब्यात पराठा आणि मधल्या वेळेत वेफर्स. वेफर्स कच्च्या केळीचे असतात म्हणून आपण निश्चिंत.

उपवासांबद्दल लिहिताना हात अडखळतो, पण लिहिते. एकाशन म्हणजे एकदाच जेवणं. दिवसभराचं सगळं त्या एका बैठकीत बसवायचं, असं शास्त्रात कुठे आहे? दशलक्षणात दहा दिवस कडक राहून पारण्याला शिरा, पुरी, तळलेलं, वर वात्सल्य भोजन. सूर्यास्ताच्या धाकानं साडेपाचला घाईघाईत पोट गच्च भरायचं आणि मग मालिकांपुढे बसायचं. सूर्यास्ताआधी जेवण्याचा नियम किती चांगला! जेवणानंतर मंदिरापर्यंत पायी गेलं तर तो दुप्पट चांगला होईल.

एक सांगायचं राहिलं. यातला सगळा राग बायकांच्या अंगावर काढू नका. स्थळ बघायला आलेल्यांनी मुलीच्या बायोडाटावर वजन विचारायचं, लग्नानंतर तिला दिवसभर ओट्याशी उभं करून सगळ्यांचं उरलेलं ‘वाया जाऊ नये’ म्हणून तिनंच संपवायचं, आणि मग तिलाच म्हणायचं, ‘किती सुटलीस!’ ताटात टाकू नये हे खरं, पण ते मुळात कमी रांधून पाळता येतं.

परभणीच्या कृषी विद्यापीठानं आणि इक्रिसॅटनं २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ नावाचं ज्वारीचं वाण आणलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. आमच्या मंडळाची पारण्याचे पदार्थ ठरवायची बैठक श्रावणात आहे. पुरीऐवजी भाकरी आणि मुगाचं वरण, असं मी सुचवणार आहे. शिऱ्याला हात लावू देणार नाहीत, हे आताच सांगून ठेवते.