दूध न सोसणं हे नखरे नव्हेत

दुधानं पोट फुगतं म्हणणाऱ्या सुनेला आपण नखरेल ठरवतो ना? मग ही जुनी गोष्ट ऐका. पोलंड देशात सुमारे ७,००० वर्षांपूर्वीची, भोकं पाडलेली मातीची भांडी सापडली. ती कशासाठी, हे कोडंच होतं. २०१२ साली तपासणीत त्यांत दुधाचा स्निग्धांश मिळाला. चीज गाळायच्या चाळण्याच त्या! त्या काळी तिथल्या बहुतेक मोठ्या माणसांना दुधातली साखर पचतच नव्हती. चक्का टांगल्यावर पाणी गळतं, तशा पाण्याबरोबर ती बरीचशी निघून जायची. आपल्या विरजणातले जिवाणूही ती थोडी संपवतात, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकींना ताक चालतं. सोयाबीनच्या दुधात ती साखर नसतेच. पण कॅल्शियमही कमी, त्यासाठी जोडीला नाचणी, तीळ हवेत.