तुळस आणि सब्जा : फरक, निगा आणि उपयोग

रोज पाणी घालूनही तुळस का वाळते? वाण्याकडून आणलेले सब्जाचे बी कुंडीत टाकले तर उगवते का? दोन्ही झाडे दिसायला सारखी, वासालाही जवळची, त्यामुळे अनेक घरांत त्यांची निगा एकाच पद्धतीने राखली जाते. गफलत होते ती इथेच. तुळशीला मंजिऱ्या येऊ न देता जपायचे असते, तर सब्जाला त्या येऊन पिकू द्यायच्या असतात. हा एक फरक समजला की बाकीची बरीचशी निगा आपोआप समजते.

दोन्ही एकाच घरातल्या

तुळस आणि सब्जा या दोन्ही वनस्पती पुदिन्याच्या कुळातल्या (लॅमिएसी) आणि ऑसिमम या एकाच प्रजातीतल्या आहेत. तुळशीचे शास्त्रीय नाव ऑसिमम टेन्युइफ्लोरम. जुन्या पुस्तकांत ते ऑसिमम सँक्टम असे आढळते. सब्जा म्हणजे ऑसिमम बॅसिलिकम. इटालियन पदार्थांत वापरले जाणारे बेसिल याच जातीचे आहे. फक्त वाण वेगळे. पानांसाठी वाढवलेल्या वाणांची पाने मोठी आणि मऊ असतात, तर बियांसाठीचा आपला सब्जा लहान पानांचा असतो.

तुळशीचे घरोघरी दिसणारे दोन प्रकार म्हणजे हिरव्या पानांची राम तुळस आणि जांभळट खोडापानांची कृष्ण तुळस. रान तुळस आणि कापूर तुळस या मात्र वेगळ्या जाती आहेत.

ओळखायचे कसे?

- पान : तुळशीचे पान थोडे खरबरीत आणि कडेला दातेरी असते. सब्जाचे पान गुळगुळीत, चकचकीत आणि बहुतेक वेळा कमी दातेरी असते.
- खोड : दोन्हींचे कोवळे खोड चौकोनी असते. तुळशीच्या खोडावर बारीक लव स्पष्ट दिसते आणि जुने खोड लाकडासारखे टणक होते. सब्जाचे खोड त्या मानाने मऊ राहते.
- फूल : तुळशीची फुले बारीक आणि जांभळट असतात. सब्जाची फुले त्यापेक्षा मोठी आणि बहुधा पांढरी असतात.
- वास : तुळशीचा वास लवंगेकडे झुकतो, कारण लवंगेतला युजेनॉल हा घटक तिच्यातही असतो. सब्जाचा वास गोडसर, काही वाणांत बडीशेपेसारखा असतो.
- बी : तुळशीचे बी बारीक आणि तपकिरी असते. सब्जाचे बी काळे आणि आकाराने मोठे असते.

तुळशीची निगा

तुळस ही बहुवर्षायू वनस्पती आहे, पण कुंडीत ती साधारणपणे दोन-तीन वर्षेच जोमात राहते. त्यानंतर खोड टणक होते, पाने लहान होतात आणि झाड थकते. जुनी तुळस वाळली की अनेक घरांत मनाला रुखरुख लागते, कुणी अपशकुनही मानते. खरे तर ते झाडाचे नैसर्गिक आयुष्य असते. म्हणून दरवर्षी एक-दोन नवी रोपे तयार ठेवावीत, म्हणजे वृंदावन रिकामे राहत नाही.

तुळशीला रोज पाच-सहा तास ऊन हवे. कुंडी 10 ते 12 इंचांची आणि तळाला भोक असलेली घ्यावी. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू यांचे मिश्रण चालते. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घालावे. पावसाळ्यात रोजच्या पूजेचे पाणी कुंडीत पडतच राहिले तर मुळे कुजतात. अशा वेळी पळीभर पाणी घालावे किंवा कुंडीशेजारच्या ताम्हनात सोडावे. दूध आणि साखरेच्या पाण्यामुळे मातीत मुंग्या आणि बुरशी वाढते. पणती किंवा उदबत्ती पानांपासून लांब ठेवावी, कारण तिच्या आचेने पाने करपतात.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मंजिऱ्या. बी धरू लागले की झाडाची ताकद तिकडे जाते आणि नवी पालवी थांबते. म्हणून मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडाव्यात. द्वादशीला तुळस तोडायची नाही, अशी ज्यांच्या घरची रीत आहे, त्यांनी आदल्या दिवशी हे काम उरकावे. बियांसाठी एखाद-दुसरी मंजिरी झाडावर पिकू द्यावी.

थंडीत तुळशीची पाने गळतात. डिसेंबर-जानेवारीत झाड मेले असे समजून उपटू नका. नखाने खोड खरवडून पाहा. आत हिरवे असेल तर पाणी कमी करून वाट पाहा आणि फेब्रुवारीत वाळके शेंडे छाटा. परदेशात कडक थंडीच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी पारा 10 अंशांच्या खाली जाण्याआधीच कुंडी घरात, उजेडाच्या खिडकीत घ्यावी.

सब्जाची निगा

सब्जा हे सहसा एका हंगामाचे झाड आहे. वाण्याकडचे बी फार जुने नसेल तर बहुधा उगवते. ते मातीवर विरळ पसरून वर अगदी पातळ थर द्यावा आणि पाणी फवाऱ्याने घालावे. आठवडाभरात कोंब दिसतात. थंडी ओसरल्यावर पेरणी केल्यास वाढ चांगली होते. भर पावसात मऊ खोड कुजण्याची आणि मर लागण्याची भीती असते.

सब्जाला तुळशीपेक्षा पाणी थोडे जास्त लागते. उन्हात तो लवकर माना टाकतो. पुढचे काम तुम्हाला काय हवे त्यावर ठरते. पाने हवी असतील तर रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा; बाजूला फांद्या फुटून पाने वाढतात. बी हवे असेल तर मंजिऱ्यांना हात लावू नये. त्या तपकिरी होऊन वाळल्या की सकाळी कापाव्यात, कागदावर सावलीत सुकवाव्यात, हाताने चोळून पाखडाव्यात. बी धरल्यावर झाड वाळते, तेव्हा त्यात आपले काही चुकले असे समजायचे कारण नाही.

दोन्ही झाडांवर मावा आणि पिठ्या ढेकूण येतात. आधी पाण्याच्या धारेने धुऊन पाहावे. तरीही राहिले तर एक लीटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे थोडे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. त्यानंतर काही दिवस ती पाने खाऊ नयेत.

कशाचा उपयोग कुठे?

तुळशीची पाने पूजेत, काढ्यात आणि चहात वापरतात. वारकऱ्यांची माळ तिच्याच लाकडाची असते. थायलंडमध्ये तिखट भाज्यांत आणि मांसाच्या परतलेल्या पदार्थांत तुळशीचाच एक प्रकार घालतात.

सब्जाचे मुख्य पीक म्हणजे बी. सरबत आणि फालुद्यात ते वापरतात. बियांच्या सालीतला चिकट पदार्थ पाणी शोषतो आणि प्रत्येक दाण्याभोवती जेलीसारखे आवरण तयार होते. एक चमचा बी कपभर पाण्यात 15 मिनिटे भिजवणे पुरते. सब्जाची पाने चटणीत किंवा सॅलडमध्ये चांगली लागतात. शिजवताना शेवटी घालावीत, नाहीतर वास उडतो.

नेहमी पडणारे प्रश्न

सब्जा आणि चिया एकच का? नाही. चिया ही मेक्सिको-ग्वाटेमालाकडची, साल्व्हिया प्रजातीतली वनस्पती आहे. तिचे बी करडे आणि ठिपकेदार असते, तर सब्जाचे एकसारखे काळे.

सब्जाचे बी कोरडे खाल्ले तर? खाऊ नये. ते घशातच फुगून अडकू शकते. लहान मुलांना आणि गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना विशेष जपावे.

तुळस रात्रीही ऑक्सिजन सोडते का? नाही. प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो, त्यामुळे इतर झाडांप्रमाणे तीही ऑक्सिजन दिवसाच सोडते.

तुळशीच्या पानात पारा असतो का? पारा हे मूलद्रव्य आहे. कोणतीही वनस्पती तो तयार करू शकत नाही.

काढ्याने ताप बरा होतो का? घशाला आराम मिळू शकतो, पण डेंग्यू, मलेरिया किंवा न्यूमोनियावर तो उपचार नव्हे. ताप उतरत नसेल तर डॉक्टरांकडे जावे. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी, काढा किंवा अर्क नियमित घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

थोडक्यात

जागा एकाच कुंडीची असेल आणि वर्षभर हिरवे झाड हवे असेल तर तुळस लावा आणि मंजिऱ्या खुडत राहा. उन्हाळ्यातल्या सरबतासाठी घरचे बी हवे असेल तर सब्जा लावा आणि मंजिऱ्या पिकू द्या. दोन्ही हवे असतील तर कुंड्या वेगळ्या ठेवा, कारण पाण्याची गरज आणि आयुष्य, दोन्ही वेगळे आहे.