ऐकिडो : सामनेच नसलेली ही मार्शल आर्ट शिकतात कशी?

ज्युदो, तायक्वांदो आणि कराटे या तिन्ही खेळांत ऑलिंपिक पदकं दिली गेली आहेत. ऐकिडो मात्र या यादीत नाही. ऐकिडोच्या मूळ परंपरेत सामने होतच नाहीत. मग शिकतात काय?

सुरुवात कुठून झाली?

जपानच्या मोरिहेई उएशिबा (१८८३-१९६९) यांनी ही कला घडवली. ताकेदा सोकाकु यांच्याकडे ते दाइतो-र्यू ही जुजुत्सुची शैली शिकले. पुढे ओमोतो या धार्मिक पंथाचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि शत्रूला संपवण्यापेक्षा संघर्ष संपवण्याचा विचार पुढे आला. 'ऐ' म्हणजे मेळ, 'कि' म्हणजे ऊर्जा आणि 'डो' म्हणजे मार्ग.

सराव कसा चालतो?

सराव जोडीने होतो. एक जण मनगट पकडतो किंवा वार करतो. दुसरा त्याच्या जोराला जोराने उत्तर देत नाही. तो वाटेतून सरकतो, वळतो, समोरच्याचा तोल घालवतो आणि त्याला फेकतो किंवा त्याचा सांधा जखडतो. थोड्या वेळाने भूमिका बदलतात.

म्हणून नवशिक्यांना आधी पडायला शिकवतात. याला 'उकेमी' म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीकडे घ्यायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पुढे पडताना हातावरून खांद्यावर आणि तिथून पाठीवर तिरकं लोळायचं. मनगट पिरगळलं जात असताना नीट पडता आलं नाही, तर दुखापत होऊ शकते. साथीदार आपलं शरीर विश्वासाने आपल्या हाती देतो. त्याला इजा न होऊ देणं हाही सरावाचाच भाग असतो.

खऱ्या मारामारीत उपयोग होतो का?

ऐकिडोवरची सर्वांत मोठी टीका हीच आहे. साथीदार सहकार्य करतो. रस्त्यावरचा हल्लेखोर करणार नाही. उएशिबा यांचेच शिष्य केंजी तोमिकी यांनाही प्रतिकाराशिवायचा सराव अपुरा वाटला. ते ज्युदोचेही जाणकार होते. त्यांनी आपल्या शैलीत स्पर्धा आणल्या. त्यात एकाच्या हातात नकली सुरा असतो.

मूळ परंपरेचं म्हणणं वेगळं आहे. जिंकण्याची सवय लागली की माणूस पुन्हा जोरावर येतो. तिथे प्रगती परीक्षांमधून, म्हणजे 'क्यू' आणि 'दान' या श्रेणींतून मोजतात.

मग शिकावं का?

दोन-तीन महिन्यांत स्वसंरक्षण शिकायचं असेल, तर ऐकिडो तुमच्यासाठी नाही. तोल, अंतराचा अंदाज आणि न घाबरता पडणं शिकायचं असेल, तर नक्की शिका. पाय घसरला की पडणं सगळ्यांच्याच वाट्याला येतं, हाणामारी क्वचितच.