वेळूचें धनुष्य आणि त्याची मर्यादा

धनुष्य म्हटलें कीं आपल्या मनांत प्रथम उभी राहते ती जनकाच्या सभेंतील कथा. ज्याला तें उचलवलें नाहीं तो हीनबल, ज्यानें तें वांकविलें तो महापुरुष, अशी धनुष्याच्या जडपणाची सांगड आपण वीराच्या बाहुबलाशीं कायमची घालून ठेवली आहे. काव्यांत हें शोभतेंही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें तेवढ्यावर थांबणें योग्य नव्हे. जनकाच्या सभेंतलें तें धनुष्य अखेर मोडलें, ही गोष्ट वीराच्या गौरवासाठीं सांगितली जाते; धनुष्य करणाऱ्या कारागिराच्या कानाला ती निराळीच लागेल. कारण त्याच्या लेखीं धनुष्य हें आधीं लाकूड आणि मग शस्त्र. आणि लाकडाला स्वतःची एक सहनशक्ति असते.

ह्या विषयाचा विचार करण्यास गोंदिया जिल्ह्यांतील दरेकसा हें ठिकाण आम्हांस फार सोयीचें वाटतें. मुंबई-हावडा लोहमार्गावरील सालेकसा तालुक्यांतलें हें लहानसें स्थानक. जवळच कचारगडची गुहा आहे, आणि माघी पौर्णिमेस गोंड समाजाची मोठी यात्रा तेथें भरते. लिंगोनें ह्याच गुहेंत कोंडलेल्या मुलांची सुटका केली व त्यांच्यापासून गोंडांचीं कुळें चाललीं, अशी त्या समाजाची श्रद्धा आहे. ह्या बाजूच्या जंगलांत वेळूचीं बेटें विपुल. त्यांतहि ज्याला विदर्भांत मानवेल म्हणतात तो वेळू कोरड्या जमिनींत जवळजवळ भरीव वाढतो. धनुष्याचें द्रव्य आणि तें पिढ्यान्‌पिढ्या वापरणारा समाज हीं दोन्ही येथें एकत्र आहेत. तेव्हां येथल्या तिरकमठ्याला आपण इतिहासांत कोणतें स्थान देतों, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

प्रथम लाकडाची बाजू पाहूं. धनुष्य ओढलें म्हणजे त्याच्या पाठीचे, म्हणजे लक्ष्याकडील अंगाचे, तंतु ताणले जातात आणि पोटाचे, म्हणजे धनुर्धराकडील अंगाचे, तंतु दाबले जातात. बहुतेक लाकडें ताण पुष्कळ सोसतात, दाब त्या मानानें थोडा. दाब असह्य झाला म्हणजे पोटावर आडव्या सुरकुत्या उमटतात, किंवा दोरी उतरल्यावरही धनुष्य वांकडेंच राहतें आणि त्याचा जोर कायमचा ओसरतो. आतां धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी पूर्ण मागें आणण्यास लागणारा जोर, वाढवावयाची तर लाकूड रुंद तरी ठेवलें पाहिजे किंवा जाड तरी. रुंदी दुप्पट केली तर ओढ दुप्पट होते. जाडी दुप्पट केली तर ती आठपट होते. जाडी केवळ एक दशांशानें वाढविली तरी ओढ सुमारें एक तृतीयांशानें वाढते. हा सौदा स्वस्त दिसतो, पण मेख त्यांतच आहे. जाड लाकूड तितकेंच वांकविलें असतां पाठीवरील ताण व पोटावरील दाब हेही जाडीच्या प्रमाणांत वाढतात. म्हणून जाड धनुष्य वांचवावयाचें तर तें लांब केलें पाहिजे, म्हणजे तोच वांक अधिक लांबीवर वाटला जातो. परंतु लांबी वाढली कीं भुजांचें वजन वाढतें, आणि ओढणाऱ्याची शक्ति बाण फेंकण्याऐवजीं भुजा हालविण्यांतच खर्ची पडते. म्हणूनच दुप्पट ओढीच्या धनुष्यांतून तोच हलका बाण दुप्पट वेगानें जात नाहीं. जड धनुष्याची सार्थकता जड बाण फेंकण्यांत आहे, आणि जड बाणाची सार्थकता चिलखत भेदण्यांत.

प्राचीन भारतांतील कारागिरांनीं लांबीचाच मार्ग धरला होता, ह्याविषयीं आम्हांस तरी संशय वाटत नाहीं. शिकंदराचा नौकाधिपति निआर्कस ह्याच्या आधारें एरियन सांगतो कीं, हिंदी पायदळाचें धनुष्य तें बाळगणाऱ्या माणसाएवढें उंच असे. तें जमिनीवर टेकून, डाव्या पायानें दाबून धरून दोरी ओढीत, आणि त्यांतून सुटलेल्या जवळजवळ तीन हात लांबीच्या बाणापुढें ढाल किंवा उरस्त्राण टिकत नसे. परकीयाचें हें वर्णन कोणी अतिशयोक्त म्हणेल. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, ज्याची संहिता शामशास्त्री ह्यांनीं १९०९ सालीं प्रथम प्रसिद्ध केली, लांबीच्या मापांत चार अरत्नींच्या एकाच मापाला ‘धनुस्’ व ‘पौरुष’ अशीं दोन्ही नांवें दिलेलीं आहेत. धनुष्याची लांबी ती पुरुषाची उंची, हें समीकरण ग्रीक लेखकानें कल्पनेनें रचलेलें नव्हे, येथल्या रोजच्या मोजमापांत तें रुळलेलें होतें. अग्निपुराणांतही चार हातांचें धनुष्य श्रेष्ठ, साडेतीन हातांचें मध्यम आणि तीन हातांचें कनिष्ठ, अशी प्रतवारी लांबीवरूनच केलेली आहे. आणि ह्या शस्त्राचें मर्मस्थानही आपणांस ठाऊक आहे. ख्रिस्तपूर्व ३२६ मध्यें वितस्तेच्या कांठीं पोरसाच्या धनुर्धरांना निसरड्या भूमीवर धनुष्यें नीट टेकतां आलीं नाहींत, असें कर्टियसनें नमूद केलें आहे. लाकडाची अडचण लांबीनें सोडविली, पण ती लांबीच चिखलांत अडचण होऊन बसली.

इंग्रजांनीं हाच मार्ग निराळ्या लाकडानें चोखाळला. त्यांच्या ‘यू’ नांवाच्या वृक्षाचें बाहेरचें पांढरें लाकूड ताणाला व आंतलें तांबूस लाकूड दाबाला उत्तम. एकाच दांड्यांत निसर्गानें दोन्ही गुण आणून ठेवलेले. १५४५ सालीं बुडालेली ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका १९८२ मध्यें वर काढण्यांत आली, आणि तिच्या अवशेषांत दीडशेंहून अधिक धनुष्यें मिळालीं. त्यांची लांबी सहा ते सात फूट, आणि ओढ सुमारें शंभरापासून एकशेंपंचायशीं पौंडांपर्यंत असावी, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. एकसंध लाकडाची आणि माणसाच्या खांद्याची मर्यादा येथें जवळजवळ एकत्र येऊन ठेपते. ज्यांना घोड्यावरून लढावयाचें, म्हणून लांब धनुष्य चालावयाचें नाहीं, त्यांनीं द्रव्यच बदललें. पोटाला शिंग, पाठीला स्नायु, मध्यें लाकूड व सर्वांस सरस, अशी ती कमान. मोगल फौजांचें भूषण तीच होय. परंतु आपल्या पावसाळ्यांत सरस ओलावा धरतो व सांधे सुटूं पाहतात. म्हणून हिंदुस्थानांत पोलादाच्या कमानीही झाल्या. त्यांना पावसाचें भय नाहीं, पण भुजा जड. तात्पर्य, प्रत्येक उपाय आपल्याबरोबर नवी मर्यादा घेऊन येतो.

आतां ह्या प्रकाशांत तिरकमठ्याकडे पाहावें. वेळूचे बळकट तंतु सालीकडे दाट व आंत विरळ असतात. तो ताणाला अप्रतिम, दाबाला त्या मानानें उणा. पोकळ वेळूच्या पातळ भिंतींतून जड ओढीचें धनुष्य निघणें नाहीं. मानवेलाचा भरीवपणा कारागिराच्या उपयोगी पडतो तो येथेंच. आणि दोरी? मध्य भारतांतील गोंड, भिल्ल प्रभृति समाजांच्या धनुष्यांना वेळूच्याच कामटीची दोरी लावलेली आढळते. तांत भिजली म्हणजे सैल पडते. कामटीस तें भय फार थोडें. हें वाचून ज्यांना नवल वाटेल त्यांनीं अर्थशास्त्रांतील आयुधागाराचें प्रकरण उघडावें. तेथें मूर्वा, रुई, ताग, स्नायु ह्यांच्या बरोबरीनें वेळूचीही दोरी सांगितलेली आहे. मौर्यांच्या राजनीतीचा हा ग्रंथ आम्ही आदरानें पढवितों. त्यांतली एक ओळ ज्यांच्या हातांत जिवंत राहिली त्यांना मात्र ‘रानटी’ म्हणून मोकळे होतों!

ह्यावर कोणी म्हणेल कीं, जंगलांतल्या तिरकमठ्याची ओढ ‘मेरी रोझ’वरील धनुष्यापुढें कांहींच नव्हे. नसो. दाट झाडींत पल्ला थोडा, लक्ष्याच्या अंगावर चिलखत नाहीं, आणि दबा धरून बसलेल्या माणसाला धनुष्य भूमीवर टेकून पायानें दाबीत बसण्यास अवसर नाहीं. अशा ठिकाणीं दीडशें पौंडांचें धनुष्य हा निव्वळ भार होय. गरजेपेक्षां जड न करणें हेंही कौशल्यच आहे.

हें कौशल्य विरत चाललें ह्याचें कारण केवळ बंदूक नव्हे. १९२७ च्या वनकायद्यानें वेळूची, जो वस्तुतः तृणवर्गांतला, गणना वृक्षांत केली, आणि बेटाशेजारीं राहणाऱ्याला तो तोडण्यास परवानगीची गरज पडूं लागली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकार थांबविली, तें आवश्यकच होतें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वेळू हें गौण वनोपज ठरलें, आणि २०१७ सालीं तो वृक्षांच्या व्याख्येंतून वगळला गेला. वेळू परत मिळाला. पण कोणता वेळू निवडावा, किती सुकवावा, कोठें किती तासावा, हें ज्ञान कायद्यानें परत येत नाहीं. तें जाणणारे वृद्ध आहेत तोंवर त्यांना विचारून तें टिपून ठेवणें, हें इतिहास शिकविणाऱ्या आम्हां मंडळींचें काम आहे. संहितांचे पाठभेद जुळविण्यांत आपण जी दक्षता दाखवितों, तिचा थोडा अंश ह्या कामीं खर्च केला तरी पुष्कळ होईल.