कारखाना सोडून बाकी सगळं

आमच्या आबांचा टॉर्चवाला नोकिया अजून माझ्या टेबलाच्या खणात पडलेला आहे. लोडशेडिंगच्या दिवसांत त्यावर फोन कमी यायचे आणि गोठ्यापर्यंत जायला त्याचा उजेडच जास्त कामाला यायचा. बॅटरी काढली की खालच्या स्टिकरवर ‘मेड इन इंडिया’ दिसतं. लहानपणी मी नोकियाला जपानी कंपनी समजायचो. ती फिनलंडची आहे आणि तिचा भारतातला कारखाना चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला होता, हे कळेपर्यंत मी इंजिनिअर होऊन नोकरीला लागलो होतो. तोवर तो कारखाना बंदही पडला होता.

मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनधंदा विकत घेतला ही गोष्ट आपण सहसा आयफोन, अँड्रॉइड आणि अहंकार एवढ्यावर संपवतो. मला त्यातला श्रीपेरुंबुदूरचा भाग जास्त सतावतो, कारण तिथलं भांडण सॉफ्टवेअरवरून झालं होतं. आणि सॉफ्टवेअर लिहिणं हेच माझं पोट.

आधी थोडं मागे जाऊ. २०१० साली नोकियाचा प्रमुख म्हणून स्टीफन एलॉप आला. तो मायक्रोसॉफ्टमधून आलेला आणि नोकियाचा पहिला बिगरफिनिश प्रमुख. फेब्रुवारी २०११मध्ये त्याने कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र फुटलं. आपण समुद्रातल्या पेटलेल्या तेलफलाटावर उभे आहोत, असा त्याचा सूर होता. काही दिवसांतच त्याने जाहीर केलं की यापुढे नोकियाचे स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर चालतील. म्हणजे सिम्बियन ही स्वतःची सिस्टीम मोडीत. निदान थोडं थांबायचं! पहिला ल्युमिया बाजारात यायला वर्षअखेर उजाडली, आणि मधल्या काळात दुकानात होते ते सगळे फोन कंपनीनेच जुने ठरवले होते. पुढच्याच वर्षी विंडोज फोन ८ आला, तर आधीच्या ल्युमियांना तो घेताच येईना. ज्यांनी भरवशाने पहिला फोन घेतला, त्यांनाच पहिला फटका.

२०१३पर्यंत विंडोज फोन म्हणजे जवळपास नोकियाच, अशी स्थिती झाली होती. नोकिया अँड्रॉइडकडे गेली असती तर मायक्रोसॉफ्टच्या हाती काही उरलं नसतं. माझ्या मते ही खरेदी भीतीतून झाली. सप्टेंबर २०१३मध्ये ५४४ कोटी युरोंचा सौदा जाहीर झाला, ३७९ कोटी धंद्याचे आणि १६५ कोटी पेटंट वापरण्याचे. सोबत सुमारे ३२ हजार माणसं मायक्रोसॉफ्टकडे जाणार होती. स्टीव्ह बाल्मरने मत विचारलं तेव्हा आपण ‘नाही’ म्हणालो होतो, असं सत्या नडेलांनी पुढे आपल्या ‘हिट रिफ्रेश’ या पुस्तकात लिहिलं. पण सौदा पूर्ण झाला तेव्हा प्रमुखाच्या खुर्चीत तेच बसलेले होते.

आता श्रीपेरुंबुदूर. कारखाना २००६ साली सुरू झाला. हजारो तरुण मुलंमुली तिथे कामाला, त्यातही मुली बऱ्याच. २०११पर्यंत तिथून ५० कोटी फोन बाहेर पडले होते. आबांचा बहुधा त्यातलाच एक.

फोन जोडून झाला की त्यात सॉफ्टवेअर भरलं जायचं. ते फिनलंडहून यायचं आणि त्याचे पैसे नोकियाची भारतीय कंपनी फिनलंडच्या मूळ कंपनीला द्यायची. २०१३मध्ये आयकर खात्याने विचारलं, हे पैसे कशाचे? खात्याचं म्हणणं, ही रॉयल्टी आहे, टीडीएस कापायला हवा होता. मागणी दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेली. नोकियाचं म्हणणं, सॉफ्टवेअर हा फोनचाच भाग, स्क्रीन किंवा बॅटरी आणावी तसा आणलेला.

मला विचाराल तर दोघांचंही पटतं, आणि तीच अडचण आहे. मी लिहिलेला कोड सकाळी कुणाच्या तरी फोनमध्ये जातो तेव्हा मी वस्तू विकतो की वापरायचा हक्क देतो? आमच्या कॅन्टीनमध्ये यावर कुणी वाद घालत नाही, कारण उत्तराने आमचा पगार बदलत नाही. तिथे मात्र बदलला.

वाद मिटेपर्यंत नोकियाची भारतातली मालमत्ता गोठवली गेली. मार्च २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हस्तांतर करायचं तर आधी ३५०० कोटींची हमी द्या. त्याच सुमारास तमिळनाडू सरकारनेही विक्रीकराची वेगळी, २४०० कोटींची मागणी पुढे केली. शेवटी २५ एप्रिल २०१४ला सौदा पूर्ण झाला तो श्रीपेरुंबुदूर वगळून. कारखाना नोकियाकडे राहिला, पण नोकियाकडे आता फोनच नव्हते. काही महिने त्याने मायक्रोसॉफ्टसाठी कंत्राटावर फोन बनवले. मायक्रोसॉफ्टने कंत्राट थांबवलं आणि १ नोव्हेंबर २०१४पासून उत्पादन बंद झालं. बहुतेकांनी त्याआधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. पंचविशीतल्या माणसाच्या बाबतीत ‘निवृत्ती’ हा शब्द वाचताना मी दर वेळी अडखळतो.

करखात्यामुळे कारखाना मेला, असं म्हणणं सोपं आहे. पण हंगेरीतला कोमारोमचा कारखाना व्यवस्थित सौद्यात गेला होता, तोही मायक्रोसॉफ्टने बंद केला. जुलै २०१४मध्ये १८ हजार माणसं कमी करायचं जाहीर झालं, त्यातली साडेबारा हजार नोकियाकडून आलेली. वर्षभराने मायक्रोसॉफ्टने ७६० कोटी डॉलर्स तोट्यात मांडले. म्हणजे ज्या किमतीला धंदा घेतला, जवळपास तेवढे सगळेच. एलॉपला मात्र नोकिया सोडताना सुमारे २.४२ कोटी युरो मिळाले. फिनलंडमध्ये त्यावर संताप उसळला. त्यांच्याकडेही सालो नावाचं गाव होतं, नोकियाच्या फोनवर जगलेलं आणि याच काळात रिकामं झालेलं.

आयकराचा वाद २०१८ साली दोन देशांच्या बोलण्यातून मिटला. नोकियाने सुमारे २० कोटी युरो भरले. कारखान्याचं कुलूप त्यानंतरही काही काळ तसंच होतं. मग नोकियालाच त्या आवारात चार्जर पुरवणाऱ्या साल्कॉम्प या कंपनीने तो विकत घेतला. आता तिथे पुन्हा शिफ्टच्या बसेस येतात, आणि आत चार्जर बनतात.