अवर्षण आणि वृक्षांचीं मुळें

उन्हाळा जितका कडक, तितकें झाडाचें मूळ खोल, अशी समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते. ती किती खरी, याची कसोटी अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत लागली. समशीतोष्ण प्रदेशांतील रानें विरळ होत जेथें गवताळ माळांत विरून जातात, त्या सीमेवर हें संस्थान वसलेलें आहे.

१० एप्रिल १८७२ रोजीं अमेरिकेंतील वृक्षारोपणाचा पहिला सण तेथेंच साजरा झाला. पुढच्याच वर्षीं कायदा झाला, कीं जो ४० एकरांवर झाडें लावून जतन करील त्याला १६० एकर जमीन मिळावी. झाडांमागोमाग पाऊसही येईल, ही त्या काळची भोळी आशा! कायदा १८९१ सालीं रद्द झाला. झाडें मात्र घरोघर उभीं राहिलीं.

त्यांच्या मुळाशीं अगदीं शब्दशः गेले ते नेब्रास्का विद्यापीठाचे जॉन वीव्हर. झाडाशेजारीं खोल चर खणावा, अणकुचीदार हत्यारानें माती हळूहळू सोडवावी आणि उघडें पडलेलें प्रत्येक मूळ मापून कागदावर उतरावें, अशी त्यांची रीत. बर ओक जातीच्या एका वाढलेल्या वृक्षाचें सोटमूळ १४ फूट खोल गेलेलें त्यांना आढळलें. या जातीचें रोप पहिल्याच वर्षीं साडेचार फुटांपर्यंत मूळ घालूं शकतें.

मग १९३४ आणि १९३६ चीं अवर्षणें आलीं. आजोबांनीं लावलेलीं झाडें नातवांच्या डोळ्यांदेखत वाळलीं. मूळ ओल शोधीत जातें खरें, पण तें ओलींतूनच जातें. कोरड्या ठणठणीत थरांत त्याची वाढ थांबते. पहिल्या वर्षीं खालची सांठलेली ओल झाडाला तारते. ती भरून न येतां दुसरें अवर्षण आलें, कीं बारीक मुळें मरूं लागतात, पानें कमी होतात आणि पानांकडून मुळांना मिळणारें अन्नही तुटतें. पुढें पाऊस पडला तरी तो शोषून घेणारीं मुळेंच उरत नाहींत. ओढ्याकांठच्या वृक्षांना पाणी जवळ मिळे, म्हणून त्यांचीं मुळें उथळ. पाण्याची पातळी खालीं गेली, तेव्हां त्यांना तिचा पाठलाग करतां आला नाहीं.

निसर्गानें जें निष्ठुरपणें दाखविलें, तेंच पुढें जर्मनींत मुद्दाम तपासलें गेलें. बव्हेरियांतील क्रान्झबर्गच्या रानांत २०१४ ते २०१८ अशीं पांच वर्षें बीच व स्प्रूस वृक्षांखालीं छपरें घालून वाढीच्या ऋतूंतला पाऊस अडविला. जिवंत मुळाग्रें दोहोंचींही घटलीं, पण उथळ मुळांच्या स्प्रूसचीं अधिक. २०१९ च्या उन्हाळ्यांत त्या झाडांना पुन्हां पाणी देण्यांत आलें.